मानेजवळचा डिंक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — घरीसुद्धा नाही. निर्मलाबाईंना जाऊन सव्वा महिना झाला. शोकसभेत मी बोलले. चांगलं बोललात, असं सगळे म्हणाले. हे एवढं सोडून मी सगळं बोलले होते.

बाई सोलापुरात आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली. आफ्रिकेतल्या एका गटाच्या माश्या परदेशी संग्रहालयातून त्यांच्याकडे तपासायला आल्या होत्या — टाचणीवर टोचलेल्या, जुन्या, वाळून कुरकुरीत झालेल्या. कोणती माशी कोणत्या जातीची, आधीची नावं बरोबर की चूक, हे ठरवायचं. वर्षानुवर्षांचं काम. शिपाई मल्लिनाथ म्हणायचा, "लोकं माशा मारत्यात बाई, आन् तुमी त्येंची नावं ठेवताय की." बाई म्हणायच्या, "तू मारू नकोस म्हणजे झालं."

त्यांचा एकच नियम होता — माश्यांची पेटी उघडी असताना पंखा लावायचा नाही. मे महिना होता. बाई परीक्षेच्या कामाला गेल्या होत्या, आणि मी पंखा लावला. टेबलावरचा पुठ्ठा उडून पेटीवर आपटला. दोन माश्यांची डोकी तुटून तळाशी पडली. कोणतं कुणाचं? भिंगातून पाहिलं, कळेना — की बाई यायच्या आत उरकायचं होतं? अंदाजानेच चिकटवली. जुन्या नमुन्यांना कुठे ना कुठे दुरुस्तीचा डिंक असतोच. बाईंना शंका आली नाही.

पुढे एक दिवस त्या म्हणाल्या, अशी माशी आजवर कुणी नोंदलेली नाही — चेहऱ्यावर काळे केस आणि पाय पिवळे. नवी जात. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी पेढे आणले. बाईंनी त्या माशीला स्वतःच्या आईचं नाव दिलं.

माश्या परत गेल्या, आणि काही वर्षांनी त्या संग्रहालयातल्या एका संशोधकाचं पत्र आलं — डोकं एका जातीचं, धड दुसऱ्या जातीचं. हे जोडलं कुणी? बाईंनी मला विचारलं, "पेटीला कधी काही झालं होतं का गं?"

"नाही, बाई."

टाचणीवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक जुन्या नावावर संशय घेणारी ती बाई — माझ्यावर तिने घेतला नाही. पुन्हा विचारलंही नाही. नव्या जातीचं नाव रद्द झालं. त्यानंतर त्यांनी माश्यांचं काम हळूहळू सोडलं. डोळ्यांचं कारण सांगायच्या.

पण त्याआधी, नवी जात जिथे छापून आली होती त्या नियतकालिकाला त्यांनी खुलासा पाठवला. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरचं वाचवत नव्हतं, म्हणून त्या सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. नमुना नीट न तपासता जात जाहीर केली. चूक सर्वस्वी माझी. "वाच गं एकदा," त्या म्हणाल्या.

मी सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी इंग्रजी सुधारलं. खाली त्यांचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.