रुंद चाकं आणि मागची सीट

"साहेब, मागे बसा. वजनाशिवाय कळायचं नाही," मिस्त्री म्हणाला. जुन्या गाडीला त्याने मागे रुंद चाकं बसवली होती आणि माझ्या हट्टापायी गाडी दोन बोटं खाली घेतली होती. टायर मडगार्डला घासला, तर सगळं पुन्हा उघडावं लागणार होतं.

ही माझ्या जुन्या शेठची गाडी. त्याच्याकडे कामाला असताना सात वर्षं चपला बाहेर काढून मी ती आतून पुसली. मागच्या सीटवर त्याने एकदाही बसू दिलं नाही. विकत घेताना घासाघीस करून मी त्याला रडवलं, तरी माझा राग गेला नाही.

दार उघडलं आणि चपला आपोआप निघाल्या. कागदांवर माझं नाव चढलं होतं; पायांना अजून पत्ता नव्हता.

"देवळात चाललात का?" मिस्त्री हसला.

"तू टायर बघ!" मी खेकसलो आणि सीटच्या कडेला टेकलो.

"अहो, नीट रेलून बसा. एवढ्याशा वजनाने टायरला काय कळणार?"