हाफ-टाइमची आरती

आमच्या घरी सोमवारच्या रात्रीच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा विषय निघाला, की माझे पती त्या सामन्यांच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण सांगू लागतात. हातांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाला फुटबॉल का म्हणावे, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता. उत्तर न मिळाल्यामुळे तो मी सोडून दिला आहे. क्षण मात्र मला पाठ झाले आहेत. एका सोमवारी समालोचकाने चालू सामन्यातच एका जगप्रसिद्ध गायकाच्या खुनाची बातमी साऱ्या देशाला सांगितली. दुसऱ्या एका सोमवारी, वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक खेळाडू मैदानात उतरला आणि कारकिर्दीतल्या सर्वोत्तम खेळांपैकी एक खेळून गेला. अगदी अलीकडे, जानेवारीतल्या एका सोमवारी, एका तरुण खेळाडूचे हृदय मैदानावरच बंद पडले. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, अनेकांनी गुडघे टेकले, आणि तो सामना पुन्हा सुरू झालाच नाही. तो मुलगा वाचला. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात ‘अजून किती मिनिटे उरली’ असे कोणीही विचारले नाही. या खेळाच्या घड्याळाविषयी मला आदर वाटल्याचा तेवढा एकच प्रसंग.

माझ्या स्वतःच्या यादीत एकच क्षण आहे. तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची आठवण झाली, की अजूनही माझा जीव चडफडतो.

आधी घड्याळाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण सारा घोटाळा तिथूनच झाला. हा खेळ साठ मिनिटांचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. प्रत्यक्षात तो तीन तासांहून अधिक चालतो. फेकलेला चेंडू झेलला न जाता जमिनीवर पडला की घड्याळ थांबते. खेळाडू रेषेबाहेर गेला की थांबते. प्रशिक्षकाला विचार करावासा वाटला, पंचाने चूक दाखवायला पिवळे फडके टाकले, कोणी लंगडू लागले, तरी थांबते. मी पुण्यात चौदा वर्षे गणित शिकवले. आमच्या शाळेत तास चाळीस मिनिटांचा असे आणि घंटा झाली, की उत्तरासाठी उभा राहिलेला विद्यार्थी तोंड उघडे ठेवूनच खाली बसे. वेळ म्हणजे काय, याविषयी माझ्या मनात कधीच संदिग्धता नव्हती. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडल्या रेडमंडमध्ये आल्यावर निर्माण झाली.

शिवाय हा ‘रात्रीचा’ सामना आमच्याकडे रात्री नसतोच. वेळापत्रक पूर्व किनाऱ्याच्या सोयीने ठरते. न्यू जर्सीतले आमचे नातेवाईक जेवणे आटोपून टीव्हीसमोर बसतात. आमच्याकडे त्या वेळी साडेपाच वाजलेले असतात, खिडकीबाहेर लख्ख उजेड असतो आणि कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसे थेट आमच्या सोफ्यावर येऊन पडतात.

त्या वर्षी प्रथमच आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती होता. वास्तविक तो माझ्या वडिलांचा गणपती. मी एकुलती एक. बाबांना गुडघ्यांमुळे आणि मग छातीच्या दुखण्यामुळे सगळे झेपेना, तेव्हा ते म्हणाले, “आता तू बसव. मुलीने बसवू नये असं लिहिलेलं मी तरी कुठे वाचलं नाही.” अट एकच होती. संध्याकाळची आमची आरती त्यांच्या साक्षीने व्हावी. आमच्या संध्याकाळी त्यांची दुसऱ्या दिवसाची सकाळ होते. ते अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, झांज घेऊन संगणकासमोर बसत. आरतीचा पहिला शब्द ते उच्चारत आणि पुढे आम्ही सगळे.

सोमवारची अडचण मी आधीच ओळखली होती. पतींनी चार मित्रांना सामन्यासाठी आणि आरतीसाठी अशा एकाच निरोपात बोलावले होते. त्यांचा प्रस्ताव असा: “हाफ-टाइमला बारा मिनिटं असतात. पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली आरामात बसते.” मी हिशेब केला. बसत होती. पण त्या दिवसाला आणखी एक बाजू होती. पुण्यात त्याच सकाळी बाबांना अँजिओग्राफीसाठी दाखल व्हायचे होते. गरज वाटल्यास पुढचे उपचार तिथल्या तिथेच करू, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. गाडी नऊला येणार होती. बाबा आदल्या दिवशी मला म्हणाले होते, “आरती करून गेलो की बरं वाटेल. पुढचं पुढे.” ते एरवी असे बोलत नसत.

आमचा हाफ-टाइम म्हणजे त्यांचे साडेसात. भरपूर वेळ होता.

हाफ-टाइमची शिटी वाजली. मी निरांजनात फुलवात लावली, मुलीने लॅपटॉप आणून देवासमोर ठेवला, मंडळी उभी राहिली. चार मित्रांपैकी एक नागपूरचे होते, त्यांनी टाळ हातात घेतला. पडद्यावर बाबा दिसेनात. फोन केला तर आई म्हणाली, “अगं, वीज गेलीय. आत्ताच. हे बंद संगणकासमोर झांज घेऊन बसलेत.”

“त्यांच्याशिवाय सुरू करू का?”

मागून बाबांचा आवाज आला. “थांबा म्हणावं. येईल दोन मिनिटांत.”

आम्ही थांबलो. बाराही मिनिटे थांबलो. फुलवात जळून विझली. तिसरा भाग सुरू झाला आणि त्यानंतर लगेचच पुण्यात वीज आली.

“आता करून घेऊ या,” मी म्हणाले.

“अहो वहिनी, आता कसं?” नागपूरचे मित्र म्हणाले. टाळ त्यांच्या मांडीवर होता आणि डोळे पडद्यावर. “हा क्वार्टर होऊ द्या ना जी. पंधराच मिनिटं आहेत.”

“तुमची पंधरा की माझी पंधरा?”

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आता कोणी म्हणेल, की मी टीव्ही बंद का केला नाही. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले होते. पण बाबांनीच लॅपटॉपमधून सांगितले, “असू दे. मनात चेंडू ठेवून माणसं आरतीला उभी राहण्यापेक्षा त्यांचं संपू दे. नऊपर्यंत वेळ आहे.” नियमाचा माणूस नियमाच्या माणसावर विश्वास ठेवतो. पंधरा मिनिटे म्हणजे पंधरा मिनिटे, असे त्यांनी गृहीत धरले. मी त्यांचीच मुलगी आहे, आणि पहिली दोन वर्षे मीही तसेच धरत होते.

बाबा एकटे बसून कंटाळतील म्हणून माझ्या मुलीने, ती तेव्हा दहा वर्षांची होती, लॅपटॉप उचलून टीव्हीसमोरच्या तिपाईवर ठेवला. “आजोबा, यू वॉच विथ अस. मी एक्स्प्लेन करते. त्यांना चार चान्सेस असतात, दहा यार्ड्स जायचं असतं.”

“चार संधी? आणि नाही जमलं तर?”

“देन द अदर टीम गेट्स द बॉल.”

“योग्य आहे,” बाबा म्हणाले.

तिसरा भाग संपला तेव्हा पुण्यात सव्वाआठ होऊन गेले होते. “आता एकच क्वार्टर,” पती म्हणाले. मी दुसरी फुलवात लावली, कारण ते म्हणाले होते, ‘लावून ठेव, होईलच आता.’ तीही विझली. नैवेद्याचे तळलेले मोदक मऊ पडले. वरणावर साय धरली. घड्याळात दोन मिनिटे उरली असताना खेळ पुन्हा थांबवण्यात आला. कारण विचारले तेव्हा पती म्हणाले, “दोन मिनिटं उरली आहेत, हे सांगण्यासाठी.” ज्या खेळात दोन मिनिटे उरल्याचे सांगण्यासाठी दोन मिनिटांहून अधिक काळ थांबावे लागते, तो खेळ ज्यांनी रचला त्यांना कधी चाळिसाव्या मिनिटाला वर्ग रिकामा करून द्यावा लागला नसेल.

लॅपटॉपमधून आईचा आवाज येऊ लागला. “गाडी आली हो. ड्रायव्हर खाली उभा आहे.”

“पाच मिनिटं,” बाबा म्हणाले.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

“बाबा, मी टीव्ही बंद करतेय. आपण एकच आरती म्हणू, तुम्ही निघा.” मी रिमोट उचलला.

“बंद करू नकोस!” हा आवाज पतींचा नव्हता, मित्रांचाही नव्हता. तो लॅपटॉपमधून आला होता.

आणि मग तो क्षण आला. आमच्या भागातला संघ मागे होता, अखेरचे काही सेकंद उरले होते. त्यांच्या खेळाडूने चेंडू उंच, लांब, सरळ शेवटच्या पट्ट्यात फेकला, जिथे तो झेलला की गुण मिळतात. तिथे दोन्ही संघांच्या खेळाडूंचा एक ढीग हवेत उडाला आणि खाली आला तेव्हा दोन्ही संघांतल्या एकेकाने एकाच चेंडूला मिठी मारलेली होती. त्या मोसमात नेहमीच्या पंचांचा आणि संयोजकांचा करारावरून वाद चालू होता, म्हणून बदली पंच होते. असे दोन पंच धावत आले. दोघांनी खाली पाहिले, एकमेकांकडे पाहिले. एकाने दोन्ही हात वर केले: गुण झाला. दुसऱ्याने त्याच वेळी डोक्यावर हात हलवून वेगळीच खूण केली. शेजारी शेजारी उभे राहून, एकाच चेंडूविषयी, दोन निर्णय.

आमच्या घरात आरोळी उठली. पती सोफ्यावर उभे राहिले. नागपूरच्या मित्रांनी टाळ वाजवला. पहिल्यांदाच, आणि आरतीसाठी नव्हे.

बाबा पडद्याच्या इतके जवळ आले होते, की फक्त चष्मा आणि नाक दिसत होते. ते मुख्याध्यापक होते आणि बोर्डाचे मॉडरेटर म्हणून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या होत्या.

“दोन परीक्षक, दोन निकाल,” ते म्हणाले. “यांच्यात वरिष्ठ कोण?”

“आजोबा, दे आर रिव्ह्यूइंग इट.”

“फेरतपासणी. छान. तोवर मी उठत नाही.”

“अहो, डॉक्टर वाट बघतायत!” आई म्हणाली. “तुमच्या चपला काढून ठेवल्यात. उठता की नाही?”

“बाबा, तुमची अँजिओग्राफी आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. वडिलांवर आवाज चढवण्याची ती पहिली वेळ नसेल, पण गणपतीसमोर पहिलीच होती. “दीड तास मी या माणसांना विनवते आहे, ते तुमच्यासाठी. दोन वाती जाळल्या. आणि आता तुम्ही?”

“निकाल चुकीचा लागला तर?”

“लागू दे!”

फेरतपासणीत निकाल कायम राहिला. आमचा संघ जिंकला. घरात टाळ्या पडत होत्या आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही तो निर्णय बरोबर आहे असे ठामपणे म्हणता येत नव्हते. तो चूक आहे, असे बाबा तेवढे ठामपणे म्हणू लागले होते. “चेंडूवर वरचा हात कोणाचा होता? अरे, रिप्ले नीट बघा. मूळ निकाल बदलायला भक्कम पुरावा हवा, हे मान्य. पण मूळ निकालच दोन असतील तर…” वाक्य अर्धेच राहिले. आईने त्यांना दंडाला धरून उठवले होते. “आरती,” एवढे ते म्हणाले. “मी म्हणते, तुम्ही निघा,” मी म्हणाले. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली आणि खुर्चीवर झांज.

मला वाटले, आता तरी संपले. तेवढ्यात पती म्हणाले, “एक किक राहिली आहे. खेळाडू आत गेले होते, त्यांना परत बोलावतायत. नियमाप्रमाणे ती घ्यावीच लागते.”

मी टीव्ही बंद केला. तिसरी फुलवात लावली. लॅपटॉप तिपाईवरून उचलून पुन्हा देवासमोर ठेवला, कारण जोडणी चालूच होती. पहिला शब्द कोणी उच्चारायचा, हे ठरलेले नव्हते. तो मी उच्चारला. मंडळींनी चांगले म्हटले. ओशाळलेली माणसे सुरात म्हणतात, हे मी वर्गातही पाहिले होते. पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली, न गाळता. समोरच्या खुर्चीवर पुण्यातले ऊन हळूहळू सरकत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळी आईचा फोन आला. एक स्टेंट घातला होता. सगळे व्यवस्थित होते. “बोलायचंय म्हणतात. डॉक्टरांनी थोडंच बोलायला सांगितलंय,” तिने बजावले आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी ऐकण्यासाठी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

“तो निकाल बदलला का?” त्यांनी विचारले.

“नाही. तोच राहिला.”

“हं.” मग त्यांनी विचारले, “आरती?”

“झाली.”

“कोणी घेतली?”

“मी.”

“सगळ्या म्हटल्या?”

“सगळ्या.”

“मंत्रपुष्पांजली?”

“तीही.”

“मग बरं आहे,” ते म्हणाले. मला वाटले, ते आता झोपतील. “पण तो निकाल चुकीचा होता, बरं का.”

“बाबा,” मी म्हणाले, “फोन आईकडे द्या.”