पट्टीचा पोहणारा

आमच्या मुलीने पुण्यात नोकरी करता करता मुलगा पसंत केला, तो निघाला श्रीगंगानगरचा. राजस्थानच्या पार वरच्या टोकाला. मी मोबाइलवर नकाशा उघडून बोट नागपूरपासून वर सरकवत नेलं. दिल्ली मागे पडली तरी गाव येईना. यांचं लक्ष मात्र वेगळीकडेच. मुलाच्या वडिलांची तिथे कालव्याकाठी किन्नोची बाग आहे, एवढंच यांनी ऐकलं.

"किन्नो म्हणजे काय वं? संत्र्याचा चुलतभाऊ. बियाच बिया," हे म्हणाले. माझे यजमान कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते. जगातली माणसं ते संत्रावाले आणि बाकीचे अशी दोन भागांत बघतात.

मृग बहाराचा माल संपला की यांना थोडी उसंत मिळते, म्हणून मुलाचं घर बघायला मे महिन्यातच जायचं ठरलं. मुलगी फोनवर ओरडली, "आई, मेमध्ये तिथे कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही!" यावर हे हसले. नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालायची म्हणजे काय!

मग होणाऱ्या व्याह्यांचा पहिला फोन आला. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोकळा. त्यांनी काळजीने सांगितलं, की इधर गरमी बहुत है, संभलकर आना. यांना ते लागलं.

"अरे भाईसाहब, हम नागपूर के हैं. इधर पैंतालीस तो आम बात है."

"हमारे यहाँ अड़तालीस," पलीकडून आवाज आला.

"आमच्या... हमारे यहाँ टंकी का पानी उबलता है. चायपत्ती डालो, चाय तयार."

"हमारे यहाँ रेत में पापड़ सिक जाता है जी."

मी भाजी निवडत ऐकत होते. आयुष्यभर लिलावात बोली चढवलेला माणूस, पण या लिलावात समोरचा ऐकेचना. शेवटी व्याहीच म्हणाले, "पर आप फिकर मत करो. घर के पीछे नहर है. सुबह-शाम नहर में उतरेंगे दोनों. तैरना तो आता होगा?"

इथे हे थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

"तैरना? मैं तो पट्टी का तैराक हूँ!"

"पट्टी? चोट लगी है क्या आपको?"

"नहीं नहीं. मतलब एकदम पक्का. बचपन से."

फोन ठेवल्यावर मी यांच्याकडे नुसतं बघितलं. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही आंभोऱ्याला संगमावर गेलो होतो. तिथे या पट्टीच्या पोहणाऱ्याने घोट्याएवढ्या पाण्यात बसून तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं होतं, तेही माझा हात धरून.

"काय बोलून बसलात हो?" मी विचारलं.

"जाऊ दे ना. तिथं गेल्यावर सर्दी झाली म्हणून सांगतो."

"अठ्ठेचाळीस डिग्रीत?"

यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मी तयारीला लागले. दिल्लीला गाडी बदलायची तिकिटं काढली. डोक्याला बांधायला दुपट्टे, खिशात ठेवायला पांढरे कांदे, साखर-मिठाच्या पुड्या. न्यायचं काय, यावरून दोन दिवस वाद झाला. मेमध्ये चांगला संत्रा मिळत नाही आणि वाईट संत्रा किन्नोवाल्याच्या घरी नेणं यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. संत्रा बर्फीवर तडजोड झाली.

याच दिवसांत हे पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन घराबाहेर पडायला लागले. विचारलं तर "बाजारात काम आहे." बाजारात तर माल नव्हता. आठला परत यायचे तेव्हा डोळे लालभडक, अंगाला फरशी पुसायच्या औषधासारखा वास. "धूळ फार आहे," म्हणायचे. ओलं काही कधी सापडलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात पुरावा दहा मिनिटांत वाळतो. पण एके दिवशी मी कूलरची जाळी धुवायला मागच्या अंगणात गेले, तर दोरीच्या पार टोकाला, माझ्या परकराखाली लपवलेली निळी नायलॉनची चड्डी लटकत होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून यांच्या मागे गेले. यांची गाडी एका शाळेच्या स्विमिंग पूलवर थांबली होती. मी जाळीच्या कुंपणापाशी उभी राहिले. उथळ भागात पंधरा-वीस पोरं दांडी धरून पाय आपटत होती, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. त्या रांगेत शेवटची लाल टोपी यांची होती. खाली पिकलेल्या मिशा.

काठावरून शिकवणाऱ्या बाई शिटी वाजवून म्हणाल्या, "काका, गुडघे नका वाकवू! सायकल चालवून राहिले का?"

शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी यांना म्हणाली, "आजोबा, पोट हलकं सोडा. मी पण पहिले घाबरायची."

"सोडून राहिलो ना बेटा," हे धापा टाकत म्हणाले. मला इतकं हसू आलं की कुंपणाला धरून खाली बसावं लागलं. यांनी वर बघितलं आणि तोंड पाण्यात घातलं. बहुधा पहिल्यांदाच स्वतःहून.

परत येताना मी यांच्या गाडीत बसले. हेच म्हणाले, "हस, हस."

"हसत नाही. पण काहून? साधं सांगून टाकायचं, नाही येत म्हणून."

यांनी पुढच्या ऑटोला हॉर्न दिला. मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, "आपली पोरगी इतक्या दूर चालली. पहिल्याच भेटीत तिचा बाप घाबरट आहे हे दिसावं, असं नाही वाटत मले."

त्यानंतर मीच पहाटे चहा करून द्यायला लागले. तीन आठवड्यांत हे तरंगायला लागले आणि निघायला पाच दिवस उरले असताना पूलची रुंदी एका दमात पार केली. त्या दिवशी घरी आल्यावर अंगणातूनच ओरडले, "वं, ऐकलं का! पार केला!" शेजारच्या काकूंना वाटलं घरात कोणीतरी परीक्षा पास झालं.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. कालव्याच्या दुरुस्तीसाठी तिकडे पाणी बंद केलं होतं. नहरबंदी. दरवर्षी होते, यंदा लांबली होती. प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येत होतं. पाहुण्यांना अशा वेळी कसं बोलवायचं, म्हणून ते जूनमध्ये या म्हणत होते.

"बंद केली?" हे एकदम उठून उभे राहिले. "काहून बंद केली? मेरा मतलब, क्यों बंद की? मैं एक महिने से सीख रहा हूँ!"

"क्या सीख रहे हैं?"

बोलून गेल्यावर यांच्या लक्षात आलं. मी डोक्याला हात लावला. हे हळूच खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. लाल टोपी, शिटी, ती मुलगी, सगळं. पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की यांनी फोन कानापासून लांब धरला.

"भाईसाहब," व्याही म्हणाले, "मैं खुद बीस साल से नहर में नहीं उतरा. घुटने गए मेरे. सोचा था आप उतरोगे, मैं किनारे बैठकर बातें करूँगा."

मी तिकिटं बदलून जूनची घेतली. त्या दिवसापासून दोघांचे रोज फोन सुरू झाले. संत्र्यावर पडणारी कीड, किन्नोच्या बिया, गुडघ्याला लावायचं तेल. विषय संपत नाहीत. परवा नऊ वाजले तरी हे जेवायला येईनात, म्हणून मी फोन हातातून काढून घेतला, तर पलीकडे विहीणबाई. त्यांनीही तसाच हिसकावून घेतला होता.

"बहनजी," त्या वैतागून म्हणाल्या, "आपकी रोटी भी ठंडी हो गई क्या?"

"हो ना," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी तिथेच गप्पा मारत बसलो.