जीपवर चार्ज केलेली बॅटरी आणि सड्यावरून आलेला आवाज

गेल्या रविवारी शाहूवाडीकडच्या एका वाडीत जाणं झालं. अजून डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहितेय.

मी आणि उचगावचे यासीनभाई, आम्ही दोघं हॅम. म्हणजे परीक्षा देऊन, लायसन्स काढून, हौसेनं वायरलेसवर बोलणारी माणसं. शिवाजी पेठेत आमच्या गच्चीवरची अँटेना बघून शेजारी अजूनही विचारतात, "कुठला चॅनल लागतो ओ ह्याच्यावर?"

त्या वाडीतले मास्तर यासीनभाईंच्या ओळखीचे. त्यांचा निरोप आला... तानूबाई म्हणून एक बाई आदल्या दुपारी म्हैस शोधायला वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर गेल्या, त्या परतल्याच नाहीत. वाऱ्यानं खांब पडून लाइट गेलेली, त्यामुळं टॉवरही बंद. मोबाइलला रेंज शून्य. निरोप द्यायलाच एक माणूस मोटरसायकलवरनं खाली मलकापूरपर्यंत आला होता.

आम्ही पोचलो तेव्हा सडा दिसतच नव्हता. पाऊस थांबलेला, पण डोंगराच्या निम्म्यापासून वर नुसतं पांढरं धुकं. यासीनभाई गावातल्या तिघांना घेऊन वर निघाले. मी दुसरा वायरलेस सेट घेऊन खाली शाळेत थांबायचं ठरलं. बाई सापडल्या तर डोली, माणसं, गाडी... सगळं माझ्याकडनं हलणार होतं.

शाळेच्या पायरीवर तानूबाईंचे मालक बसले होते, गणपतमामा. डोळे वर धुक्याकडं.

दुपारी माझ्या सेटनं टूं टूं करायला सुरुवात केली. बॅटरी उतरली. सकाळपासून सतत चालूच होता बिचारा... जादाची बॅटरी यासीनभाईंबरोबर वर गेलेली. माझा चार्जर पिशवीत होता, पण तो भिंतीतल्या सॉकेटचा. लाइट कुठाय?

पिशवीच्या तळाशी एक वायर होती. दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची, यूएसबीवर चालणारी, ऑनलाइन मागवलेली. एकदाही वापरली नव्हती. लिथियमच्या बॅटरीला चुकीचा चार्जर लावला की ती फुगते, पेटूही शकते, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. आणि ही एकमेव बॅटरी गेली, तर वरनं येणारी हाक ऐकायला खाली कुणीच नाही.

बॅटरीवरचं लेबल वाचलं. मग वायरवरची बारीक अक्षरं, चष्मा काढून, डोळ्याजवळ धरून. दोन्हीकडं चार्जिंगचा व्होल्टेज तोच... पुन्हा वाचलं. तोच. छापलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न होताच.

शेजारच्या वहिनींकडनं एक परात मागून घेतली. आमची जीप पायरीला लावून इंजिन चालू ठेवलं, बॅटरी सेटमधनं काढली आणि परातीत ठेवून वायरनं जीपच्या यूएसबीला जोडली. पेटली तर परातीत पेटू दे. लाल दिवा लागला. मी तिथंच बसून राहिले, दर थोड्या वेळानं बॅटरीला हात लावून बघत. तापाच्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

कोमट झाली. तेवढीच राहिली. फुगली नाही...

अर्ध्याएक तासानं धीर निघेना. काढली, सेटला लावली, बटण फिरवलं. नुसती खरखर. आणि मग त्या खरखरीतनं, अगदी कानाशी बोलल्यासारखा यासीनभाईंचा आवाज. "ताई, ऐकतायसा का? किती येळ हाका मारतोय! सापडल्या. पाय मुरगळलाय, बाकी बऱ्या हायत. सड्याच्या कडेलाच हाय आम्ही. डोली लावून द्या."

मी मोठ्यानं सांगितलं आणि सगळी शाळा उठली. पोरं, बाप्ये, कुणी कांबळी आणतंय, कुणी बांबू.

गणपतमामा मात्र जागेवरच. माझ्या हातातल्या सेटकडं बघत म्हणाले, "खरंच तीच हाय का?"

मी यासीनभाईंना म्हटलं, तानूबाईंना बोलू द्या. मामांच्या हातात सेट दिला, बटण कुठं दाबायचं, कधी सोडायचं ते दाखवलं. मामांनी सेट दोन्ही हातांत धरला, आरती घ्यावी तसा.

वरनं, त्या पांढऱ्या धुक्यातनं, एका बाईचा दमलेला आवाज आला.

"जेवलासा का?"

रात्रभर उघड्या सड्यावर पावसात काढलेली बाई, पाय सुजलेला, आणि पहिला शब्द हा. मामांनी आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, मास्तरांनीच मला सांगितलेलं.

मामांनी बटण दाबलं. म्हणाले, "जेवलो की. तू बस तितंच. हलू नगंस. मी येतोय."

आणि डोलीच्या पुढं तेच चालायला लागले, अनवाणी. कुणी अडवलं नाही.

अंधार पडायच्या आत तानूबाई खाली आल्या. म्हैस त्यांच्या आधीच, आपली आपण घरी येऊन उभी राहिली होती.

वायरलेस कसा चालतो ते मला माहीत आहे. फ्रिक्वेन्सी, वॉट, अँटेना... परीक्षेत मार्कही चांगले पडले होते. पण त्या दिवशी डोळ्यांना डोंगरसुद्धा दिसत नव्हता आणि त्यातनं एका माणसाची काळजी सरळ दुसऱ्या माणसापर्यंत येऊन पोचली. ते नेमकं कशानं पोचतं, हे मला ठाऊक आहे असं आता म्हणवत नाही. ऐकायला मिळालं, एवढंच.