मृगाआधीची पेरणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. वडिलांची थोरली बहीण. माझे आईवडील लवकर गेले. तिचेही सासर तुटलेले होते. जेऊर स्टेशनावर उतरून दोन तास चालल्यावर आमची वस्ती लागते. तिथे तिने मला वाढवले आणि घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती तरी सोलापूरच्या कॉलेजात पाठवले. मी बी.एस्सी. झालो. हे वाक्य लिहायला सोपे आहे.

माझ्या शेवटच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ होता. मी खोलीवर अभ्यास करत बसे, तेव्हा आत्या दुष्काळी कामावर खडी फोडत असे. परीक्षा संपल्यावर मीही तिच्या शेजारी हातोडा घेऊन बसलो. मे महिन्यात आमच्याकडे एक-दोन दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. सावली दिसेनाशी झाली की बायका जेवायला भाकरीची फडकी सोडत. मी त्यांना सांगे, पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून हे होते. पृथ्वी सूर्याच्या बरीच जवळ असती तर सगळे पाणी उकळून गेले असते, बरीच दूर असती तर गोठले असते. ती आहे तिथे आहे, म्हणून आपण आहोत.

एक म्हातारी म्हणाली, "मग आजून जरा लांब सरकव की बाबा. पाठ भाजली."

सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. माझे असले बोलणे तिला ऐकावेसे वाटे.

घरात बाजरीचे बियाणे होते. राखेत मिसळून, मडक्यात भरून, तोंड मातीने लिंपलेले. दुष्काळात अर्धपोटी राहून तिने ते राखले होते. ते गेले असते तर दुसरे मिळणार नव्हते, कारण वस्तीवर कोणाकडेच जास्तीचे उरले नव्हते. पेरणी कधी करायची हे लोक आत्यालाच विचारत. तिला वाचता येत नव्हते. ती पहाटे उठून उगवतीच्या चांदण्या बघायची आणि बोटांवर दिवस मोजायची.

रोहिणी नक्षत्रात एका संध्याकाळी मोठा वळीव झाला. सकाळी मी शेतातल्या मातीत हात घालून पाहिला.

"आत्या, वीतभर ओल आहे. आजच पेरू."

"ह्यो वळीव हाय. मिरग लागू दे."

"पाणी ते पाणी. त्याला नक्षत्र काय कळतंय? पंचांगात म्हणे या नक्षत्राचं वाहन बेडूक, त्याचं गाढव. सूर्य काय गाढवावर बसून येतो?"

"जनावराचं ऱ्हाऊ दे. दिस तर बघशील का न्हाय?"

"आत्या, मी हेच शिकून आलोय."

तिने कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिले. मग म्हणाली, "व्हय. तू शिकलायस." आणि उठून तिने मडक्याचे लिंपण फोडले.

बैल दुष्काळात गेले होते. पेरणीची पाभर मी ओढली आणि मागून ती चाड्यात बी सोडत आली. संध्याकाळी दोघांनाही उभे राहवत नव्हते.

कोंब वर आले. त्यानंतर वीस दिवस थेंब नाही. हंडे वाहून आम्ही जेवढी वाचवता येतील तेवढी रोपे वाचवायला बघितली, पण एकही राहिले नाही. मृग संपता संपता पाऊस आला. सगळ्यांनी पेरले, सगळ्यांचे उगवले. आमचा तेवढा तुकडा काळा राहिला.

विहिरीवर एक शेजारी आत्याला म्हणाला, "काय आत्याबाई, यंदा आभाळानं तुमच्या कानात काय सांगितलं न्हाय व्हय?"

"मलाच घाई झाली," आत्या म्हणाली. "म्हातारपण, दुसरं काय."

मी तिथेच बादली धरून उभा होतो. मान खाली घालून पाणी शेंदू लागलो. त्यानंतर पेरणीचे तिला कोणी विचारले नाही. ती पुन्हा खडी फोडायला गेली.

पुढे मला सोलापुरात शाळेत नोकरी लागली. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी मुले वर्गात होती. एकदा ऋतूंचा धडा शिकवताना फळ्यावर सूर्याभोवतीची पृथ्वीची वाट काढली आणि त्यावर महिने लिहीत गेलो. जूनपाशी खडू थांबला. सूर्य मृगात गेला म्हणजे पृथ्वी आपल्या वाटेवर एका ठरावीक जागी आली, एवढाच त्याचा अर्थ. त्या सुमाराला कललेल्या आसामुळे उत्तरेकडची जमीन तापलेली असते आणि समुद्रावरचे वारे आत ओढले जातात. वळीव जागच्या जागी तापून पडतो. त्याच्या पाठीशी समुद्र नसतो. आत्याला आस ठाऊक नव्हता, पण जागा ठाऊक होती. मला दोन्ही शिकवले होते, परीक्षेत त्याला गुणही मिळाले होते. गाढवाला हसण्याच्या नादात मी दिवस बघितला नाही. मुलांना आकृती उतरवून घ्यायला सांगून मी खुर्चीत बसलो. फार दमल्यासारखे वाटले. तो थकवा अजून पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे पत्र आले की पोस्टमन ते मारुतीच्या देवळापुढे मोठ्याने वाचतो. ज्याचे पत्र त्याच्याबरोबर सगळी वस्ती ऐकते. म्हणून इतके दिवस मी खुशालीपलीकडे काही लिहिले नव्हते. आणि म्हणूनच त्या आठवड्यात हे लिहिले:

"तीर्थरूप आत्यास, दंडवत. मी बरा आहे. पोस्टमनमामांनी हे सर्वांसमोर वाचावे, मधले काही गाळू नये. दुष्काळानंतर आमची बाजरी रोहिणीत पेरली गेली ती आत्याच्या घाईमुळे नाही. ती मृगापर्यंत थांब म्हणत होती. मी ऐकले नाही. माझ्या शिक्षणाचा मान ठेवायला तिने राखलेले बी दिले आणि ते गेल्यावर दोष स्वतःवर घेतला. विहिरीवर मी हजर होतो, तरी गप्प राहिलो. आत्या, तू ज्याला मिरग म्हणतेस ती सूर्याभोवती फिरताना पृथ्वीला लागणारी जागा आहे. आमच्या पुस्तकात ती आहे. तू ती पुस्तकाशिवाय ओळखलीस, मी पुस्तक वाचून चुकलो. यंदा पेरणीचे सर्वांनी आत्याला विचारावे, अशी हात जोडून विनंती. तुझा भाचा."