सुभद्राक्काचं टेंगूळ

माझ्या थोरल्या बहिणीनं, सुभद्राक्कानं, मला अर्धं आयुष्य फसवलं. तिच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, सुपारीएवढं टेंगूळ होतं. लहानपणी खेळताना माझी विटी तिला तिथंच लागली होती, हे खरं. टेंगूळ त्या विटीमुळे आलं, हे मात्र तिनं सांगितलेलं.

इकडे कन्नड मुलखात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी स्वतःच्या हिमतीवर वर्कशॉप उभं केलं. लोखंडवाल्याशी मनसोक्त घासाघीस केल्याशिवाय मी एक सळई उचलत नसे. शेवटी तोच कंटाळून ‘सरी, बरं बाबा, घेऊन जा’ म्हणायचा. अक्कापुढे मात्र माझं काही चालत नसे. तिच्या घरचा पंप बिघडला की मी, होसकोट्याहून तिच्या नणंदेला आणायचं की मी.

“अक्का, आज वेळ नाही गं.”

“असू दे. माझं डोकं फोडायला होता तेवढा वेळ.”

एवढं ऐकलं की मी मुकाट्यानं स्कूटरला किक मारायचो. तिचे यजमान, आमचे भावजी, गालातल्या गालात हसायचे.

नव्वद सालानंतर कधीतरी ते टेंगूळ वाढू लागलं, ठणकू लागलं. गल्लीतल्या डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि त्याचा चेहरा उतरला. “कवटीच्या हाडातच काहीतरी आहे. कॅन्सर नाहीच, असं मी सांगू शकत नाही.” मला दुसरं काही सुचेना. माझ्या विटीनं अक्का जाणार, एवढंच डोक्यात.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी स्कॅन उजेडापुढे धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, “केव्हापासून आहे हे?”

“डॉक्टर, चूक माझी. मी विटी—”

“गप रे,” अक्का म्हणाली. “विटीच्या आधीपासून आहे, डॉक्टर. न्हाऊ घालताना आईच्या हाताला लागायचं.”

मी उठून उभाच राहिलो. “अक्का! आणि मी इतकी वर्षं पंप दुरुस्त करतोय?”

“ओरडू नको, दवाखाना आहे. पंप तरी कुठे धड दुरुस्त केलास?”

शेजारी बसलेल्या भावजींना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी त्यांच्यावरही ओरडणार होतो, पण सर्जनचा चेहरा सैल झालेला दिसला.

“हे आधी सांगायचं ना, अम्मा! इतकी वर्षं इतकं हळू वाढणारं सहसा वाईट नसतं. हाडात रक्तवाहिन्यांचा गुंता होतो कधीकधी. क्वचितच दिसतो. हे बघा, आत मधाच्या पोळ्यासारखं दिसतंय. पण काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही.”

“नव्वद टक्के तरी म्हणा.”

“नाही म्हणणार.”

“बरं, ऐंशी?”

“स्वल्प थांबा हो,” ते हसत म्हणाले. आयुष्यात मला एक पैसाही न सोडणारा माणूस भेटला तो हाच.

त्यांनी तेवढा हाडाचा तुकडा काढून तिथं सिमेंटसारखं काहीतरी बसवलं. तपासणीचा निकाल आला: रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नाही. मी कॅन्टीनमध्ये जाऊन दोन प्लेट इडल्या खाल्ल्या. कित्येक दिवसांनी तोंडाला चव आली होती. वर गेलो तर पट्टीतून अक्काचा एक डोळा माझ्याकडे रोखलेला. “एकटाच खाऊन आलास ना?”

पुढं तिच्या डोक्यानं कधी त्रास दिला नाही. बऱ्याच वर्षांनी हृदयविकारानं ती झोपेतच गेली.

मला राबवलं, ते मी सोडून दिलं. पण गाठ जन्माची आहे हे ठाऊक असूनही तिनं ती कुठल्या डॉक्टरला दाखवली नाही. का, तर मला धाकात ठेवायची सोय जाईल! ती वाईट निघाली असती तर? चेष्टेपायी माणूस स्वतःचा जीव टांगणीला लावतं का? भावजी, तुम्हालाही सगळं ठाऊक होतं. अक्का सुटली, तुम्ही नाही सुटणार. बोला, इतकी वर्षं का गप्प बसलात?