केदारखेड्याचा साक्षीदार

जालन्याहून भोकरदनची एस.टी. सुटली तेव्हाच अंगाची लाही लाही होत होती. मी मुंबई बंदरातल्या चोऱ्यांच्या तपासावरचा फौजदार. समुद्र सोडून या दुष्काळात कुठे तडमडलो, असं कंडक्टरलाही वाटलं असणार. खिडकीबाहेर नुसती ढेकळं, आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं.

केदारखेड्यात मला भीमराव हवा होता. तो आणि थोरला भाऊ किसन बार्जवर (जहाजातला माल किनाऱ्याला आणणारा सपाट पडाव) राखणीला होते. ठेकेदारांची रीतच तशी: राखणीला घाटावरची, पोहता न येणारी माणसं घ्यायची, म्हणजे ती चोरांना सामील होऊन पाण्यातून पळत नाहीत. डोंबलाची रीत! एका रात्री बार्जवरचं तांबं लुटायला टोळी आली, किसन आडवा आला, त्याला उचलून समुद्रात फेकलं. प्रेतही मिळालं नाही. फेकणाऱ्याचा चेहरा एकट्या भीमरावानं पाहिला, आणि तो घाबरून गावी पळाला. त्याच्या साक्षीवाचून खुनी सुटणार होता.

भीमरावाच्या आईनं भाकरी-ठेचा पुढे ठेवला. पाणी मात्र अर्धा तांब्याच. मग तिनं विचारलं, "साहेब, कोण्या देशात गेला हो किसन? भीमा म्हणतो, मोठ्या जहाजावर लागला."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. भीमराव मान खाली घालून बसला होता. त्याला अंगणात ओढून मी झापलं, "अरे, किसनला समुद्रात फेकून मारलं, आणि आईला असं फसवतोस?"

"तिला सांगायची हिंमत न्हाई माझ्यात. तुम्ही सांगा साहेब, मंग येतो मी कोर्टात."

बंदरातल्या गुंडांना मी कधी भ्यालो नाही, पण तिच्यासमोर जायला माझे पाय उचलेनात. मागे वळलो तर ती दारातच उभी. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मी रोज त्याची वाट पाहून राह्यले, अन् तू गप बसलास?"

"माय, मला पोहता येत न्हाई गं. काय करू शकलो असतो मी?"

"ते न्हाई विचारलं मी." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "साहेबांसंग जा. समदं बराबर सांग. पण परत माझ्या दारात येऊ नको."

तो माझ्याबरोबर मुंबईला आला. कोर्टात त्यानं बोट दाखवून खुनी ओळखला. खुन्याला जन्मठेप झाली. चोर धरला की बंदर राखलं, असं मी तोवर समजत होतो.

पायऱ्या उतरताना मी भीमरावाची पाठ थोपटली. "सुटलास बाबा!"

तो थांबला. "साहेब," त्यानं विचारलं, "आता कुठं जाऊ?"